मिठामागे चालत

पौष सरत आलाय आणि साल 1845 आहे. परभणीच्या वेशीबाहेर तांडा हलतो. आधी बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मग कुत्री, मग या सगळ्यांवर ताण करणारा नायकाचा आवाज. तुम्ही एका बैलाच्या पाठीवरच्या गोणीला हात लावून चालू लागता. गोणीत ज्वारी आहे. पावसाच्या तोंडाशी हीच गोणी परत येईल तेव्हा तिच्यात मीठ असेल. ते मीठ जिथे पिकतं तिथवर तुम्हाला जायचंय, आणि बैलांच्या चालीने जायचं तर रोजचे चार-पाच कोस, म्हणजे वाटेतच फाल्गुन लागणार.

खारट जमीन म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको असं तुम्हाला वाटतं. दुधनेच्या काठाला, सखल रानात पाणी तुंबतं तिथे उन्हाळ्यात पांढरट पापुद्रा धरतो. पावसात त्या तुकड्याचा चिकट गारा होतो, उन्हात दगड. वाफसा म्हणून येत नाही. तुम्ही त्याला चोपण म्हणता, दोन-चार बाभळी वाढू देता आणि पेरणीच्या वेळी औत वळवून घेता. खारट म्हणजे हातचं गेलेलं रान, हिशेब संपला.

वाटेबद्दल फार सांगत नाही. गोदावरीचा उतार, नगर, पुणे, आणि मग बोरघाट. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात, 1830 साली, घाटातून गाडीरस्ता झालाय. घाटात आगगाडी यायला अजून अठरा वर्षं आहेत. खोपोलीला उतरलात की हवा अंगाला चिकटायला लागते. तांड्यातली म्हातारी माणसं नाक वर करून वास घेतात. तुम्हाला तो वास कुजकट वाटतो. काही दिवसांनी वाटणार नाही.

पेणला पोचता ती होळी पौर्णिमेची संध्याकाळ. अंतोऱ्याच्या बंदराकडे जाताना समोर नजर जाईल तिथवर चिखल आहे. करडा, ओला, मधून वेडेवाकडे चर गेलेला. तुमच्या डोळ्यांना ते चिबडलेलं शेत दिसतं. एक आगरी बाई डोक्यावर चिंबोऱ्यांची पाटी घेऊन त्यातून वर येते, मांडीपर्यंत गाळाने माखलेली.

"मावशी, पाऊस कधी झाला इकडं?"

ती तुमच्याकडे बघते, मग बैलाकडे.

"पाऊस कंचा? पानी रातचा येईल. बैल वर बांधा, दादा."

आभाळात ढगाचा ठिपका नाही. तुम्ही मनात हसता, पण बैल वर बांधता.

मध्यरात्र व्हायच्या आधी होळी पेटलेली असते, चंद्र वर चढत असतो, आणि चिखलातले ते चर हलायला लागतात. पाणी उलटं चढतंय. डोंगराकडून समुद्राकडे वाहणारं पाणी तुम्ही आयुष्यभर पाहिलं; हे समुद्राकडून डोंगराकडे निघालंय, आवाज न करता, फेसाची एक रेघ पुढे ढकलत. तासाभरात संध्याकाळचं अख्खं शिवार बुडतं. उधाणाला इथे ओहोटी आणि भरती यांत चौदा-पंधरा फुटांचा फरक पडतो. तुमची विहीर एवढी वर चढायला किती नक्षत्रं कोसळावी लागतील, याचा हिशेब तुम्ही करत बसता.

या किनाऱ्यावर घड्याळ नाही आणि लागतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. मग रोज पाऊण-एक तास उशिरा. अष्टमीला ती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते, आणि तेव्हा पाण्याला जोरही नसतो. त्याला भांग म्हणतात. तिथी ठाऊक असली की मासे कधी धरायचे, होडी कधी लोटायची, पोरांना चिखलात कधी सोडायचं, सगळं ठरतं. तुमच्या गावचा जोशी पंचांगात मुहूर्त बघतो. इथली बाई त्याच पंचांगावर चिंबोऱ्या धरते, आणि माझ्या मते तिचा पंचांगाशी संबंध जास्त खरा आहे.

सकाळी सहाला पाणी तळाला गेलेलं असतं. त्या बाईचा मुलगा पुढे, तुम्ही मागे. तो सांगतो, माझ्या पावलात पाऊल टाका, काका. तुम्ही एकदा चुकता आणि गुडघ्यापर्यंत आत जाता.

बांधाच्या पायथ्याशी, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे मोरस पसरलेला आहे. जमिनीलगतचा, बारीक गुबगुबीत पानांचा. ऊन वाढेल तसा तो तांबूस होत जाईल. मुलगा एक शेंडा खुडून तुमच्या हातावर ठेवतो. चावलात तर पाणी सुटतं आणि मीठ लागतं. याची भाजी करतात, आणि त्या भाजीत वरून मीठ घालायचं नसतं. थोडं खाली मारांडी, काटेरी पानांची, जांभळट निळ्या फुलांची. त्याच्याही खाली तिवराची झाडी सुरू होते, आणि तिथे तुम्ही थबकता, कारण झाडाभोवतीच्या चिखलातून बोटभर लांबीचे हजारो सुळके सरळ वर आलेले आहेत. ज्वारी काढल्यावर रानात उभी राहिलेली धसकटं जशी, तशी ती मुळं. गाळात हवा नाही, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं वर पाठवतो. त्याचं पान जिभेला लावून बघा: झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. दहिवर सुकलं की पानावर मिठाचे कण दिसतात. गावातली गुरं हे पान आवडीने खातात. तांड्यातल्या बैलांनीही रात्रीत दोन फांद्या ओरबाडल्या आहेत.

कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावरच उगवतं. फळातून हातभर लांब हिरवी शेंग लोंबते, ती खरं तर रोपच असते. वेळ झाली की ती सुटते आणि चिखलात उभी रुतते, किंवा भरतीबरोबर जाते आणि दुसऱ्या कुठल्या काठाला लागते. पेरणीसाठी पाभर नको, बैल नको. पाण्याच्या कडेला चिपी आहे. तिची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येऊन जातात, आणि सकाळी खाली फक्त पांढऱ्या तंतूंचा सडा असतो.

आणि मग निवटी. तुम्ही तिला आधी बेडूक समजता. वितीएवढा मासा, डोळे डोक्यावर, पुढचे पर कोपरासारखे टेकवत चिखलावरून चालतोय. जवळ गेलात तर टणाटण उड्या मारत बिळात. गालात पाणी साठवून आणि ओल्या कातडीतून हवा घेऊन तो पाण्याबाहेर तासन् तास काढतो. पलीकडे उघड्या गाळावर बोटाच्या पेराएवढे खेकडे, प्रत्येक नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, आणि ती सगळे मिळून वरखाली हलवताहेत. मुलगा म्हणतो, ते बोलावतात. कुणाला, हे तो सांगत नाही.

पक्ष्यांत एक ओळखीचा निघतो: लांब लाल पायांचा शेकाट्या. तुमच्या गावतळ्यावरही तो हिवाळ्यात उभा असतो. तुतवारी आहेत, वाकड्या चोचीचा कुरल आहे. ती चोच खेकड्याच्या बिळात बरोबर बसते. यांतली पुष्कळशी महिन्या-दोन महिन्यांत उत्तरेला निघून जातील. कोल्ह्याच्या पावलांची माळ तिवरातून आलेली आहे आणि पाण्याच्या कडेला संपलेली आहे. तोही खेकड्यांवरच असतो. रोहित मात्र दिसत नाहीत. ठाण्याच्या खाडीत रोहितांचे हजारोंचे थवे पाहायला तुम्हाला 1990 च्या पुढे जावं लागेल, आणि त्या गुलाबी वैभवाला शहराच्या सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळही कारण असल्याचं ऐकून घ्यावं लागेल.

मिठागर या सगळ्याच्या आत, बांधाआड आहे. उधाणाचं पाणी उघडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घ्यायचं, मोठ्या खाचरात साठवायचं, मग एकेक पायरीने उथळ वाफ्यांत फिरवत उन्हाने आटवायचं. शेवटच्या वाफ्यांचा तळ माणसांनी पायाने तुडवून तुडवून सारवल्यागत घट्ट केलेला असतो, नाहीतर मिठात माती येते. पाणी दाट होत जातं तसा त्याला लालसर रंग येतो. एवढ्या खारात जगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव तो रंग देतात, ही माहिती 1845 साली या बांधावर कुणाकडे नाही. मग दुपारच्या उन्हात पृष्ठभागावर साय धरते, खडे तळाला बसतात. आगरी बाया-माणसं लांब दांड्याच्या फळीने ते ओढून काठावर रास घालतात. त्यांच्या पायांना भेगा आहेत आणि भेगांत मीठ आहे.

राशीपासून तुमच्या गोणीपर्यंत मध्ये सरकार उभं आहे. 1837 पासून मुंबई इलाख्यात मणामागे आठ आणे कर. गेल्या साली, 1844 त, तो रुपयावर नेला आणि सुरतेत दंगा झाला. मग बारा आण्यांवर आणला. नाक्यावर वजन, परवाना, शिक्का. खाजणातल्या, म्हणजे भरतीच्या या चिखलरानातल्या, खळग्यात आपोआप धरलेलं मीठ खरवडलं तरी शिपाई धरतो. समुद्र आणि ऊन फुकटचं, त्यांनी दिलेली वस्तू मात्र सरकारची. नायक शांतपणे पैसे मोजतो. त्याने हे नाके फार पाहिलेत.

वैशाखात परत निघायचं, पण तुम्ही तांड्याबरोबर जाऊ नका. बांधावरच उभे राहा आणि नव्वदएक वर्षं ओलांडा.

श्रावण, 1934. यावेळी परभणीहून तुम्ही आगगाडीने आलात. निजामाची रेल्वे मनमाडपर्यंत, वाटेत करोडगिरीवाल्यांनी गाठोडं उसकटलेलं, खिशातला हाली रुपया बदलून घेतलेला. मग मुंबई आणि तिथून बोटीने रेवस. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव आणि भोवतालचा खारेपाट. याच जमिनी कधीतरी तिवराखाली होत्या. चिखलाचे गड्डे काढून, दगड बसवून समुद्राकडे बांध घातला, उघडी बसवली, आणि दोन-तीन पावसाळे नुसती वाट पाहिली. कोकणचा पाऊस पडतो शंभर इंचांच्या घरात. तो माती धुतो, ओहोटीच्या वेळी उघडीतून खार बाहेर जातो, आणि एके वर्षी भात धरतं. काळा रता, भुरा रता: थोडा खार सोसणाऱ्या, लालसर तांदळाच्या जाती. रोप उपटून लावायला इथला चिखल धार्जिणा नाही, म्हणून मोड आणलेलं बी फेकतात.

ही जमीन एकदा मिळवली की मिळाली, असं नसतं. बांधाला उंदीर-खेकडे भोकं पाडतात, उधाण धडका मारतं. एक भगदाड रात्री पडलं आणि दिवस उजाडायच्या आत बुजवलं नाही तर तीन-चार वर्षांची शेती गेली. म्हणून बांधाचं काम गावकीचं. हाक पडली की घरटी माणूस घमेलं घेऊन निघालंच पाहिजे. या पद्धतीला जोळ म्हणतात. धुऱ्यावरून भाऊबंदकीत डोकी फोडणाऱ्या आपल्या मुलखातल्या माणसाने हा प्रकार जरा नीट बघून ठेवावा.

पण आज श्रावणात खारेपाट हिरवा नाही. लव्हाळा माजलाय, बेडूक ओरडताहेत, पाणकोंबड्या निर्धास्त फिरताहेत. 27 ऑक्टोबर 1933 ला चरीत सभा झाली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोतांची, म्हणजे इथल्या जमीनदारांची, शेतं कसायची नाहीत. पुढारी नारायण नागू पाटील, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी. समुद्राशी झगडून जमीन बनवली कुळांच्या आज्या-पणज्यांनी, आणि खळ्यावरचं धान्य उचलून नेतो खोत. संप 1939 पर्यंत चालणार आहे. एवढी वर्षं माणसं खातात काय? डोंगरातल्या मोळ्या विकतात, मोलमजुरीला लांब जातात, आणि खाडी आहेच. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, कोळंबी. शेत खोताच्या नावावर असलं तरी बांधाबाहेरचा चिखल कुणाच्याच नावावर नाही. चुलीवर काय शिजतंय ते बघा आणि मग ठरवा, खाजण पडीक जमिनीत मोजायचं की नाही.

एका घरी तुम्हाला जेवायला बसवतात. गावतळ्यातला जिताडा आहे, कारण पाहुणा आलाय. खाडीतली इवलीशी पिल्लं पावसाळ्यात धरून गोड्या तळ्यात सोडतात. ती तिथे बाहूएवढी होतात. जन्माला येतो तो नर, वयाबरोबर मादी होतो, आणि अंडी घालायला त्याला खारं पाणीच लागतं, त्यामुळे तळ्यात त्याची वीण होत नाही. दर साली खाडीकडे हात पसरावा लागतो. हे यजमानांना पुस्तकाशिवाय माहीत आहे.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. 1948 चा खार जमिनींचा कायदा येतो (त्याच सप्टेंबरात परभणी निजामाकडून सुटते), खोती जाते, कुळं मालक होतात. बांध सरकारी खात्याकडे जातो. इथे काहीतरी निसटतं. मालकी घरोघर वाटली गेली आणि बांध मात्र कागदावर कुणा एकाचा झाला. हाक मारायची कुणी, हेच ठरेना. 18 मे 1972 ला दोन कृषी विद्यापीठं एकाच दिवशी स्थापन होतात, एक परभणीत, एक दापोलीत. दापोलीचं विद्यापीठ पनवेलच्या खारभूमी केंद्रात खार सोसणारं भात शोधत राहतं. परभणीकडे 1976 नंतर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पोचतं, आणि काही वर्षांत कालव्याखालच्या भारी जमिनींत तुमचं ते जुनं चोपण वाढायला लागतं.

आता या साली या. नांदेड-पनवेल गाडी परभणीला पकडलीत की बदलायची गरज नाही. पनवेलहून पेणकडे येताना एका अंगाला नवं विमानतळ, उरणकडे बंदराचे क्रेन. मिठागरांच्या जागी कंटेनरच्या राशी. पण धरमतर खाडीच्या कडेला उतरलात की चिखल तोच, निवटी तीच, आणि तिवर तर 1845 पेक्षा आत आलेलं. ज्या रानात तुम्ही 1934 ला लव्हाळा पाहिलात तिथे आता दोन पुरुष उंच झाडी आहे. बांध फुटला, दुरुस्तीचा प्रस्ताव फिरत राहिला, भरती आत येत राहिली, बी तिच्याबरोबर आलं. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी केली. ती हवीच होती. त्याशिवाय मुंबईभोवती तिवराची काडी उरली नसती. मात्र इथे माणसाच्या सातबाऱ्यावर भात आहे आणि रानात संरक्षित जंगल. तोडलं तर गुन्हा, ठेवलं तर उपास.

बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर असाच एक शेतकरी बसलाय, साठीचा. त्याला राग झाडांचा नाही. झाडी आल्यापासून पावसाळ्यातली कोळंबी वाढली, हे तोच सांगतो, आणि पुतण्या सरकारी योजनेतून जाळीच्या कुंपणात चिंबोऱ्या वाढवायचं म्हणतोय. त्याचं म्हणणं एवढंच, की कुठला बांध राखायचा आणि कुठला समुद्राला द्यायचा हे गावाला बसून ठरवू द्या. उधाण ठरवतंय ते नको. मला ते पटतं. खारेपाट कधीच नुसतं जंगल नव्हता आणि नुसतं शेतही नव्हता.

तुम्ही परभणीचे म्हटल्यावर त्याला उत्सुकता वाटते.

"तुमच्याकडं खार असतो? समुद्र नसताना?"

तुम्ही चोपण समजावता: वरून पाणी मुबलक, खालून निचरा नाही, सोडियम धरून बसलेली काळी माती. जिप्सम टाकायचं, चर काढायचे, पाणी देऊन खार धुऊन काढायचा.

"म्हंजे उघडीच की. नि धुतलेला जातो कुठं?"

हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलेला नाही. ओढ्याने दुधनेत, दुधनेतून पूर्णेत, पूर्णा गोदावरीत, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फुटून काकिनाड्याजवळ समुद्राला मिळते. तिथे कोरिंगा आहे: गोदावरीच्या मुखाशी पसरलेलं मोठं खाजण, तेच तिवर, त्याच निवट्या, आणि मासे धरणारं रानमांजर. कोरिंगाचं भरभराटीचं बंदर 1839 च्या वादळाने धुऊन नेलं. तुम्ही तांड्याबरोबर निघालात त्याच्या सहा वर्षं आधी. परभणीच्या रानातली माती आणि खार पिढ्यान् पिढ्या तिकडे जाऊन बसतोय.

"मंग तुमचा खारेपाट आंध्रात हाय," तो म्हणतो, आणि बांधावरून उठतो. आज दशमी. साडेसातला भरती, सहापर्यंत तुम्हाला वर नेऊन सोडायचं त्याने कबूल केलंय.